पानांचा झगा उतरवा: आदिवासी बाहुलीचे कपडे पहिल्यांदाच शिवणाऱ्यांसाठी

तीन वर्षांपूर्वी इंदूरला, आमच्या रामबागेतल्या घरी महालक्ष्म्यांपुढे मी ‘आदिवासी पाडा’ अशी आरास केली होती. थर्माकोलचा डोंगर, गवताची झोपडी आणि सहा बाहुल्या. बाहुल्यांच्या कमरेला हिरव्या क्रेप कागदाची पानं, डोक्यात बॅडमिंटनच्या फुलाची पिसं, अंगाला बूटपॉलिश. गल्लीतल्या बायकांनी भरभरून कौतुक केलं. संध्याकाळी वरच्या खोलीत भाड्याने राहणारी सिस्टर, म्हणजे रुग्णालयातली नर्स, प्रसादाला आली. पुरणपोळीचं ताट हातात धरून ती बराच वेळ आरास बघत उभी राहिली आणि म्हणाली, “काकू, ये कौन लोग हैं?”

मी म्हटलं, “आदिवासी.”

“कहाँ के?”

मला उत्तर देता येईना. ती स्वतः भिलाला या आदिवासी समाजातली, अलीराजपूर जिल्ह्यातल्या जोबटची. होळकरांच्या काळापासून आपण मराठी माणसं इंदुरात आहोत, गंगवाल बसस्टँडवरून आदिवासीबहुल झाबुआची बस चार तासांत पोचवते, घरोघरीच्या बांधकामावर तिकडचीच माणसं राबतात. तरी माझ्या हातून निघालेल्या सहा बाहुल्या कुठल्याच गावच्या नव्हत्या.

त्यानंतर मी बरंच उसवलं आणि पुन्हा शिवलं. आता ९ ऑगस्टचा आदिवासी दिवस किंवा १५ नोव्हेंबरचा जनजातीय गौरव दिवस जवळ आला की कोणीतरी विचारतंच, “तुम्ही ती बाहुली कशी केली?” म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते.

लागणारं सामान

- २८-३० सेंमीची बाहुली. बाजारातली फॅशन बाहुली चालेल, तिचं प्रमाण साधारण १:६ असतं. कापडी बाहुली घरी केली तर जास्त चांगलं.
- मलमल, रुबिया, पॉपलिन, प्रत्येकी पाव मीटर.
- मशीनची ९ किंवा ११ नंबरची सुई. हातशिलाईसाठी मिळेल तितकी बारीक.
- सर्वांत लहान टिचबटणं, पातळ वेल्क्रो, बारीक लास्टिक.
- घरची तांदळाची खळ.
- चांदीसारखी दिसणारी, एक मिलिमीटर जाडीची मऊ तार.
- एक वही. हिला कमी लेखू नका, पहिल्या दोन पायऱ्या हिच्यावरच होतात.

१. बाहुली कोण आहे ते आधी ठरवा

कात्री हातात घ्यायच्या आधी वहीत चार ओळी लिहा: कुठल्या समाजाची, कुठल्या गावची, किती वर्षांची, आणि या क्षणी काय करते आहे. “आदिवासी बाई” एवढ्यावर कपडे शिवता येत नाहीत. नुसतं “मराठी बाई” म्हटलं तर तुम्ही काय शिवाल? नऊवारी, पाचवारी, पंजाबी ड्रेस की गाऊन? तसंच हे.

२०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशातले एकवीस टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. त्यात भिल्ल, भिलाला, गोंड, बैगा, कोरकू, सहारिया असे किती तरी समाज येतात, आणि त्यांचे कपडे एकमेकांसारखे नाहीत. बैगा बाईचं लुगडं भिल्ल बाहुलीला नेसवून खाली ‘आदिवासी’ अशी पाटी लावायची, ही पानांच्या झग्यापेक्षा थोडी सभ्य चूक आहे, पण चूकच.

पानांचा आणि पिसांचा हा पोशाख आला कुठून? माझा अंदाज असा की तो अर्धा जुन्या सिनेमांतल्या नाचगाण्यांतून आला आणि अर्धा अमेरिकेहून. पिसांचा तो मोठा मुकुट तिकडच्या मैदानी प्रदेशातल्या मोजक्याच समाजांचा. त्यांच्यातही तो कोणीही उठून घालत नाही, मान म्हणून मिळवावा लागतो. तिकडच्या खेळण्यांनी तो सरसकट सगळ्या मूळनिवासींच्या डोक्यावर चढवला आणि आपण तो फॅन्सी ड्रेसच्या दुकानातून भाड्याने आणून आपल्या भिल्लांना घातला.

तिकडे या बाबतीत काही बरंही घडलं आहे. २००२ मध्ये अमेरिकन गर्ल कंपनीने नेझ पर्स या तिकडच्या मूळनिवासी समाजातली काया नावाची बाहुली काढली, ती त्या समाजातल्या जाणत्यांना सोबत घेऊन. कंपनीच्या बाकीच्या बाहुल्यांचे पुढचे दोन दात दिसतात, कायाचं तोंड मिटलेलं आहे. असे दात दाखवणं त्या समाजात असभ्य मानतात, म्हणून तिच्यासाठी चेहऱ्याचा साचाच वेगळा केला. विचारलं नसतं तर हे कोणाच्या लक्षात आलं असतं?

२. विचारा, पण विचारण्याचीही रीत असते

सिस्टरला मी आधी इतकं विचारलं की ती कंटाळली. नाइट ड्यूटी करून आलेल्या मुलीला जिन्यात अडवून “तुमच्याकडे लुगडं डाव्या खांद्यावरून की उजव्या?” असं विचारू नये. रविवारी चहाला बोलावलं, बाहुली समोर ठेवली, ती चुकीची नेसवली आणि गप्प बसले. दोन मिनिटांत तिने बाहुली माझ्या हातातून काढून घेतली. तेव्हापासून माझी हीच रीत आहे. प्रश्न कमी विचारायचे आणि चूक समोर ठेवायची.

विचारताना होणाऱ्या तीन चुका, तिन्ही मी केलेल्या:

- भगोरियात जाऊन फोटो काढत सुटणं. होळीच्या आधीच्या आठवड्यात झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी भागात जे हाट भरतात ते भगोरिया. आपल्याकडे त्याला ‘पळून जाऊन लग्न करायचा मेळा’ म्हणून ठेवलंय, आणि तिकडच्या लोकांना त्याचा मनापासून राग आहे. लोक तिथे गुलाल, खजूर, साखरेच्या माळा घ्यायला, ढोल-मांदळावर नाचायला, नातेवाइकांना भेटायला येतात. कपडे बघायचे असतील तर बघा, पण पोरींच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका.
- फक्त संग्रहालयावर विसंबणं. भोपाळचं जनजातीय संग्रहालय २०१३ पासून आहे. ते सुंदर आहे, जरूर बघा. पण तिथल्या सगळ्या गोष्टी सणावाराच्या आणि जपून ठेवलेल्या. मंगळवारी दुपारी दळण घेऊन जाताना बाई काय नेसते, ते तिथे दिसणार नाही.
- फुकटात माहिती घेणं. कोणी दोन तास बसून दागिने दाखवले, नेसवून दाखवलं, तर त्या वेळेचं काहीतरी द्यायला हवं.

आणि हो, झाबुआची कापडी बाहुली तुम्ही ‘मृगनयनी’त, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या हस्तकलेच्या दुकानात, बघितलीच असेल. कापूस भरलेली जोडी, त्याच्या हाती धनुष्य आणि तिच्या डोक्यावर टोपली. झाबुआच्या रमेश आणि शांती परमार या दांपत्याला २०२३ मध्ये याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. एक जोडी विकत आणा, उलटसुलट करून शिलाई बघा आणि त्यातून शिका. फक्त आपली बाहुली ‘झाबुआची’ म्हणून विकू नका. तो त्यांच्या हातचा हुन्नर आहे.

३. अंगाचा रंग

बूटपॉलिश नको, काळा रंग नको. बाजारातली गोरी बाहुली काळी करायला जाल तर ती काळी होत नाही, मळकी होते. कापडी बाहुली करत असाल तर गव्हाळी, तपकिरी आणि गडद तपकिरी अशा तीन छटांचं पॉपलिन आणा आणि एकाच घरातल्या तीन बाहुल्या तीन रंगांच्या करा. तुमच्या स्वतःच्या घरात काय सगळे एका रंगाचे आहेत? केसांना काळी लोकर घ्या, मधोमध भांग पाडा आणि घट्ट वेणी घाला. विस्कटलेले केस हा पानांच्या झग्याचाच धाकटा भाऊ.

४. कापड: एक रुपयाची परीक्षा

नवशिके इथेच सर्वांत जास्त फसतात. राजवाड्याजवळच्या कापडबाजारात खरं बाग प्रिंट मिळतं, धार जिल्ह्यातल्या बागचं, लाल-काळं, देखणं. आपण खुशीत आणतो, घाघरा शिवतो आणि बाहुलीच्या अंगावर तो सोफ्याच्या खोळीसारखा दिसतो. कारण खऱ्या घाघऱ्यावरची सहा सेंमीची बुट्टी बाहुलीवर एक सेंमीची व्हायला हवी.

म्हणून खिशात एक रुपयाचं नाणं ठेवा. कापडावर ठेवल्यावर नाण्याखाली निदान दोन-तीन बुट्ट्या झाकल्या गेल्या तर ते कापड घ्या. एकही पुरती झाकली गेली नाही तर सोडून द्या, कितीही मोह झाला तरी.

जुन्या पद्धतीचा भिल्ल घाघरा करायचा असेल तर ‘नांदना’ माहीत असू द्या. नीमच जिल्ह्यातल्या तारापूरला छापलं जाणारं निळीच्या कामाचं हे कापड भिल्ल बायका पिढ्यान्‌पिढ्या घाघऱ्यासाठी घेत आल्या. त्यातल्या नक्ष्यांची नावंही गोड आहेत: मिर्च, चंपाकली, आंबा. याचे ठसे बाहुलीसाठी फार मोठे पडतात. मी गडद निळ्या रुबियावर टूथपिकच्या बोथट टोकाने कापडरंगाचे ठिपके देऊन मिरचीची ओळ काढली. एका घाघऱ्याला दोन दुपारी लागल्या. जवळून बघाल तर मिरची कमी, स्वल्पविराम जास्त वाटतात. हातभर अंतरावरून मात्र बरोबर दिसतं.

आज हाटात बहुतेक अंगांवर गिरणीचं झगझगीत कापड दिसतं, पोपटी, गुलाबी, टिकल्या लावलेलं. ते ‘अस्सल’ नाही असं म्हणून नाक मुरडू नका. भगोरियात एका घरच्या किंवा एका फळ्यातल्या (वस्तीतल्या) मुली एकाच ताग्यातलं कापड घेऊन सारखे कपडे शिवून येतात. शिवणारीला ही पर्वणीच. एकाच अर्ध्या मीटरमध्ये चार मैत्रिणी होतात, आणि चौघी शेजारी उभ्या केल्या की बघणाऱ्याला न सांगता कळतं की या कुठूनतरी एकत्र आल्या आहेत.

५. घाघरा

खऱ्या घाघऱ्याचा घेर पाच-सहा मीटर. सहाने भागलं तर बाहुलीला ९० सेंमी यायला हवेत. मी पहिला तसाच केला. कमरेवर कापडाचा एवढा गोळा झाला की बाहुली पोहायची हवेची ट्यूब घातल्यासारखी दिसत होती. घेर सहापट लहान होतो, पण कापडाची जाडी होत नाही. म्हणून निम्मंच घ्या.

१. ४८ सेंमी लांब, १८ सेंमी रुंद पट्टी कापा. माझ्या बाहुलीला कमरेपासून घोट्याच्या वरपर्यंत १६ सेंमी लागतात, उरलेले दोन दुमडीचे. तुमची बाहुली मोजून घ्या.
२. खालची दुमड आत्ताच शिवून टाका, कापड सपाट असतानाच. किनार लावायची तर तीही आत्ताच.
३. वरच्या कडेला दोन समांतर धावदोरे घाला, मधे तीन मिलिमीटर अंतर. एका धावदोऱ्यावर चुण्या एका बाजूला पळतात, दोनांवर शिस्तीत बसतात.
४. दोरे ओढून कमरेच्या मापावर आणा, नेफ्याच्या पट्टीत शिवा. मशीनचा टाका दीड मिलिमीटरचा ठेवा. मोठा टाका या मापात गोणपाटासारखा दिसतो.
५. मागची शिवण वरून चार सेंमी उघडी ठेवा आणि टिचबटण लावा.

६. पोलकं आणि लुगडं

पोलक्याची बाही गोल शिवून मग बगलेत बसवायला जाऊ नका, या मापात जीव जातो. आधी खांदे जोडा, बाही सपाट असतानाच लावा, आणि मग बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत बाजूची शिवण एकदमच घ्या. पाठ पूर्ण उघडी ठेवा. प्लास्टिकच्या बाहुलीची बोटं बाहीत अडकतात, म्हणून घालताना पंजाला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळा.

लुगड्याला ४० बाय १८ सेंमी मलमल पुरते. कडा दुमडू नका, जाड होतात. दोन-दोन धागे ओढून काढा आणि कडेला खळीचं बोट फिरवा. एक टोक कमरेला खोचून दुसरं पाठीवरून डोक्यावर आणायचं. मलमल सुकी असताना बाहुलीच्या अंगावर बसत नाही, तंबूसारखी उभी राहते. म्हणून ती पातळ खळीत बुडवा, पिळा, ओलीच नेसवा, टाचण्या लावा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. सकाळी चुण्या जागच्या जागी. मी केलेल्या पहिल्या पदरावर सिस्टरने टीका केली ती अशी: “काकू, ये तो फोटो खिंचवाने खड़ी है।” काम करणारी बाई पदर आवळून खोचते. पदर खोचला, घाघरा थोडा वर घेतला, आणि बाहुली खरंच कुठेतरी निघाल्यासारखी दिसायला लागली.

७. दागिने

भिल्ल-भिलालांचे दागिने मुख्यतः चांदीचे. सोनेरी तार दिसली की समजा, आपण नकळत लग्नातली मराठी नवरी सजवायला घेतली आहे. हांसळी, म्हणजे गळ्यातलं कडं, वळायला लिपस्टिकची नळी बरोबर मापाची आहे. तार एकदा गुंडाळा, टोकं मोकळी ठेवा आणि हातोडीने हलकेच चपटी करा. कमरेचा कंदोरा दोन तारांना पीळ देऊन होतो. पायातल्या कड्यांसाठी तार पेन्सिलीवर गुंडाळा. सगळं एकदम घालू नका. सगळे दागिने म्हणजे लग्न नाहीतर सण. शेतावर निघालेल्या बाहुलीला एखादं कडं पुरे.

गोंदण काढायचं तर आधी रद्दी कापडावर पेन तपासा, शाई पसरते. आणि वय बघा. सिस्टरच्या आईच्या हातावर गोंदण आहे, तिच्या नाही.

८. दुसरा जोड

आता सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि हीच सगळे गाळतात. बाहुलीला एकच जोड शिवला, आणि तो सणाचाच असला, तर पानांच्या जागी घाघरा आला एवढंच. बघणाऱ्या मुलाच्या डोक्यात आदिवासी म्हणजे अजूनही कुठल्यातरी नाचात उभं असलेलं माणूस.

म्हणून त्याच बाहुलीला दुसरा जोड शिवाच: शाळेचा गणवेश, कुर्ती-जीन्स, पोलिसाची वर्दी, कॉलेजची बॅग. मी अर्थातच सिस्टरचा ड्रेस शिवला, फिकट निळा टॉप आणि पँट. गंमत अशी की घाघऱ्याला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट या साध्या ड्रेसला लागला, कारण इथे लपायला चुण्या नाहीत. कॉलर वाकडी म्हणजे वाकडीच.

त्यातही मी माती खाल्ली. ‘ओळख दिसावी’ म्हणून युनिफॉर्मवर कपाळाला बोर हा दागिना लावला. सिस्टर हसत सुटली. “ड्यूटी पे बोर कौन पहनता है? इंचार्ज मैडम घर भेज देगी।” बोर काढला. मग तिनेच सांगितलं की खिसा एक नाही, दोन हवेत. एकात पेन आणि कात्री, दुसऱ्यात मोबाइल. खिसे दीड सेंमीचे केले. कात्री केली टाचणीच्या दोन तुकड्यांची, ती मात्र अजून कात्रीसारखी दिसत नाही.

९. पुरुष बाहुली

धोतर, शर्ट किंवा बंडी, डोक्याला फेटा. फेट्याला ६० सेंमीची तीन बोटं रुंद पट्टी, ओलीच बांधा. धनुष्य द्यायचं की नाही हा प्रश्न नेहमी येतो. धनुष्यबाणाचा भिल्लांना अभिमान आहे, सणाला ते मिरवतात, ते काढून टाकणारे आपण कोण? पण त्याच्या जोडीला दुसऱ्या कशाची तरी भर घाला. आमच्या बाहुल्याच्या बगलेत कडकनाथ कोंबडा आहे, काळ्या मखमलीच्या कातरणाचा. त्याच्या दुसऱ्या जोडात हेल्मेट आणि सिमेंटचं घमेलं आहे, कारण तो वर्षातले काही महिने इंदुरात असतो.

१०. चिठ्ठी

बाहुलीच्या पायाशी चिठ्ठी ठेवा. ‘भारतातील आदिवासी स्त्री’ असं नको. माझी अशी आहे: “भिलाला. जोबट, जि. अलीराजपूर. होळीच्या आधीचा हाट. दुसरा जोड: रुग्णालय, इंदूर, नाइट ड्यूटी.” कोणाला विचारून केली तेही लिहावं, पण नाव घालण्याआधी त्यांची परवानगी घ्या. सिस्टर नाव नको म्हणाली, म्हणून नाही.

मागच्या वर्षी त्याच जागी, महालक्ष्म्यांपुढे, नव्या बाहुल्या मांडल्या. नंतर एक बाहुली सिस्टर सुट्टीत भाचीसाठी घेऊन गेली. परत आल्यावर तिने मोबाइलवर फोटो दाखवला. भाचीने घाघऱ्यावर युनिफॉर्मचा टॉप चढवला होता, आणि खिशात खजुराची बी. सोबत निरोप होता की हिला स्कूटी पाहिजे. स्कूटी पुठ्ठ्याची झाली आहे. हेल्मेटवर अडलंय. पिंगपाँगचा अर्धा चेंडू मापात बसतो, पण वेणीचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.